बोअरच्या गाडीचं हेड आणि थ्रस्ट बेअरिंग: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच परत करावं

हॅमर बिघडला तर तासाभरात दुसरा लागतो, बिट झिजलं तर बदलता येतं. हेडमधलं (रॉड फिरवणाऱ्या गिअरबॉक्समधलं) थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा भार घेणारं बेअरिंग, गेलं की मात्र गाडी आहे त्या वावरात उभी राहते. हेड मास्टवरून उतरवायचं, गिअरबॉक्स खोलायचा, नागपूर, अकोला किंवा अमरावतीहून माल आणायचा, आणि तोवर उन्हाळ्याच्या ऐन हंगामातले दिवस निघून जातात. म्हणून साडेसहा इंची बोअर मारणाऱ्या हॅमरच्या गाड्यांच्या हेडमध्ये बसणाऱ्या, आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगांचा हा आढावा. ब्रँडची तुलना शेवटी आहे, कारण ती तुलनेने कमी महत्त्वाची आहे.

निकाल आधीच सांगतो. सहाशे फुटांच्या पुढे जाणारी गाडी असेल तर रॉडचं वजन झेलणाऱ्या बाजूला स्फेरिकल रोलर थ्रस्ट, म्हणजे २९३ किंवा २९४ मालिकेचं बेअरिंग घ्या. दाब देणाऱ्या बाजूला ५१ मालिकेचं बॉल थ्रस्ट चालतं. आणि निवड करताना कॅटलॉगमधल्या सी (फिरताना भार पेलण्याची क्षमता) या आकड्याआधी सी-झिरो (स्थिर भारक्षमता) बघा.

हे दोन बाजूंचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण चुकीच्या खरेदीचं मूळ तिथेच आहे. बोअर सुरू होते तेव्हा हेड रॉडला खाली दाबतं. हॅमरला किती दाब लागतो याचा ढोबळ हिशेब हॅमरच्या व्यासाच्या दर इंचाला ५०० पौंड असा धरतात. सहा इंची हॅमरला ३००० पौंड, म्हणजे साधारण १३६० किलो. हा दाब स्पिंडलला वर ढकलतो आणि दाबाच्या बाजूचं बेअरिंग तो घेतं. आता रॉडचं वजन पाहा. ११४ मिमी व्यासाचा, २० फुटी रॉड भिंतीच्या जाडीप्रमाणे १०० ते १४० किलो भरतो. दहा-बारा रॉड खाली गेले की नुसत्या रॉडचंच वजन हॅमरला लागणाऱ्या दाबाएवढं होतं. म्हणजे दोनशे-अडीचशे फुटांनंतर ऑपरेटर दाबत नाही, तो रॉड धरून ठेवतो. इथे थ्रस्टची दिशा उलटते. हजार फुटांवर ५० रॉड असतात, त्यांचं वजन ५ ते ७ टन. त्यातले १३६० किलो बिटावर टेकलेले, बाकीचे साडेतीन ते साडेपाच टन फिरत्या स्पिंडलवर लोंबकळत असतात आणि ते सगळं ओढीच्या बाजूचं बेअरिंग सोसतं.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाण्यासाठी खोल खोल जावं लागतं. तिथे चालणाऱ्या गाडीचं ओढीच्या बाजूचं बेअरिंग बहुतेक वेळ भाराखाली असतं आणि दाबाच्या बाजूचं जवळजवळ मोकळं फिरतं. तरीही दुकानात जाऊन ‘दाबाचं बेअरिंग जरा भारी द्या’ अशी मागणी होते. भारी हवं ते दुसरीकडचं.

यात अडकलेल्या रॉडची भर पडते. मुरूम ढासळला किंवा फटीतला दगड कॉलरवर बसला की ऑपरेटर हायड्रॉलिकची पूर्ण ओढ लावतो, सोडतो, पुन्हा लावतो. गाडीची ओढ १५ टन धरली तर ते सुमारे १५० किलोन्यूटन झाले, आणि ते झटक्याने येतात. बेअरिंग निवडायचं ते या क्षणासाठी.

आता आयुष्याचा हिशेब. सूत्र सगळ्या कॅटलॉगांत सारखंच आहे: सी भागिले पी (बेअरिंगवरचा भार), त्याचा बॉलसाठी तिसरा घात, रोलरसाठी १०/३ घात, आणि आलेला आकडा दशलक्ष फेऱ्यांमध्ये. हॅमरची गाडी कठीण दगडात मिनिटाला साधारण ३० फेऱ्यांनी फिरते, म्हणजे तासाला १८०० फेऱ्या. सी हा भाराच्या फक्त दुप्पट असला तरी बॉल बेअरिंगला ८० लाख फेऱ्या मिळतात, म्हणजे ४४०० तासांच्या वर. सी पाचपट असेल तर ६९ हजार तास. कागदावर हे बेअरिंग गाडीच्या आधी मरणारच नाही. प्रत्यक्षात एखाद-दुसऱ्या हंगामात जातं. कारण ते थकून मरत नाही. झटक्याने त्याच्या वॉशरवर छर्र्यांचे खड्डे उमटतात, किंवा आत पाणी आणि दगडाची भुकटी शिरते, किंवा तेल पातळ होऊन धातूला धातू घासतो. खड्डे पडू नयेत यासाठी लागते ती स्थिर भारक्षमता, म्हणजेच सी-झिरो. झटके खाणाऱ्या हेडमध्ये सी-झिरो हा सर्वांत मोठ्या ओढीच्या किमान चौपट असावा, हा आमचा आग्रह आहे. १५ टनांच्या गाडीला ६०० किलोन्यूटन.

हाच हिशेब कोअर ड्रिलिंगच्या मशीनला लावू नका. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे कोळशाच्या शोधासाठी जी हिऱ्याच्या बिटाची मशीन चालतात, त्यांचा स्पिंडल हजार फेऱ्यांनी फिरू शकतो. तिथे तासाला ६० हजार फेऱ्या होतात, सी भाराच्या पाचपट असूनही बॉल बेअरिंगला २१०० तासांच्या आसपासच मिळतात, आणि ५१ मालिकेचे छर्रे वेगामुळे बाहेर फेकले जाऊन खाचेच्या कडेवर चढतात. त्या मशीनला अँग्युलर कॉन्टॅक्ट किंवा टेपरची जोडीच योग्य. इथून पुढचं सगळं हळू फिरणाऱ्या हेडबद्दल आहे.

तुलना सोपी व्हावी म्हणून ५० मिमी शाफ्ट आणि ११० मिमी बाहेरचा व्यास घेऊ. या एकाच मापात बाजारात पाच वेगवेगळी बेअरिंग मिळतात, आणि गोंधळही त्यामुळेच होतो.

६३१०, साधं बॉल बेअरिंग. जाडी २७ मिमी. छोट्या गाड्यांमध्ये आणि गावठी बनावटीच्या हेडमध्ये हेच थ्रस्ट घ्यायला बसवलेलं दिसतं. त्याचा सी-झिरो ३८ किलोन्यूटन, आणि थ्रस्टचा भार जास्तीत जास्त त्याच्या निम्मा द्यावा असं कॅटलॉग सांगतो. म्हणजे १९ किलोन्यूटन, दोन टनांपेक्षा थोडं कमी. पंधरा-सोळा रॉड आणि हॅमर लटकले की मर्यादा संपली. त्यापुढे छर्रे खाचेच्या काठावर चढतात आणि कडेवर एकाच बाजूला पापुद्रे निघतात. उघडलेल्या बेअरिंगमध्ये घासल्याची रेघ खाचेच्या मध्यावर नसून काठाला लागलेली दिसली, तर हा आजार ओळखा. हेडला हे बेअरिंग फक्त स्पिंडल मध्यावर धरायला वापरावं.

७३१० बी, अँग्युलर कॉन्टॅक्ट. माप तंतोतंत ६३१० चंच, ५० × ११० × २७. कोन ४० अंशांचा, त्यामुळे एका दिशेचा थ्रस्ट चांगला घेतं. लेथवर काहीही न करता ६३१० च्या जागी बसतं, आणि तीनशे फुटांच्या आतल्या गाडीला ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. पण एक बेअरिंग एकाच दिशेला. उलट्या भारासाठी समोरासमोर दुसरं लागतंच, आणि उलटं बसवलं तर ६३१० पेक्षाही लवकर निकामी होतं. बाहेरच्या रिंगची जाड कड आणि पातळ कड बघून बसवा. खोल बोअरला याची शिफारस नाही.

टेपर बेअरिंगबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल. ३०३१० आणि ३१३१० या दोन्हींचं माप ५० × ११० × २९.२५ मिमी. डब्यातून काढून शेजारी ठेवली तर नवख्याला फरक कळत नाही. दुकानदारही ‘तेच आहे’ म्हणून एकाच्या जागी दुसरं देतात. फरक कोनात आहे. ३१३ मालिकेचा कोन फार उभा, सुमारे २९ अंशांचा आहे, तर ३०३ चा त्याच्या निम्म्याहूनही कमी. थ्रस्टच्या भाराचं रूपांतर करणारा गुणक ३०३१० साठी १.७ आणि ३१३१० साठी ०.७२. म्हणजे चार टन थ्रस्ट ३०३१० ला ६.८ टनांसारखा जाणवतो आणि ३१३१० ला २.९ टनांसारखा. स्थिर भारातही तसंच, ०.९ विरुद्ध ०.४. ३१३१० ची मूळ क्षमता थोडी कमी आहे, पण या गुणकापुढे ती तूट काहीच नाही. ओळखायचं असेल तर बाहेरच्या कपची उंची मोजा: ३०३१० चा कप २३ मिमी, ३१३१० चा १९ मिमी. व्हर्नियर खिशात घेऊनच दुकानात जा.

३१३ ची जोडी हे चारशे-पाचशे फुटांच्या गाडीसाठी आमच्या मते उत्तम बेअरिंग आहे. एकाच जोडीत बाजूचा भारही सोसला जातो आणि दोन्ही दिशांचा थ्रस्टही. अडचण एकच: प्ले (स्पिंडलची वरखाली मोकळीक) बसवणाऱ्याच्या हातात असतो. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) जास्त काढल्या तर जोडी आवळून तापते, कमी काढल्या तर रॉड लागताना हेड खटकतं. डायल गेज लावून, स्पिंडल वरखाली हलवून ०.०५ ते ०.१० मिमी प्ले ठेवा. हाताने फिरवून ‘बरोबर वाटतंय’ म्हणण्यात दोन्हीकडच्या चुका होतात.

५१४१० हे बॉल थ्रस्ट. ५० × ११०, पण उंची ४३ मिमी. सी-झिरो कंपनीप्रमाणे २८० ते ३४० किलोन्यूटन, ६३१० च्या सात ते नऊ पट. दोन वॉशर आणि मध्ये छर्र्यांची जाळी, एवढी साधी रचना, त्यामुळे तालुक्याच्या दुकानातही मिळतं आणि कुठलाही फिटर बसवतो. या बेअरिंगच्या तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. बाजूचा भार शून्य घेतं, म्हणून शेजारी दुसरं बेअरिंग हवंच. वाकडेपणा अजिबात सहन करत नाही. बसायची पायरी काटकोनात नसेल तर अर्धेच छर्रे भार घेतात. आणि दोन वॉशर सारखे नसतात. शाफ्टवरच्या वॉशरचं भोक घट्ट असतं, हाऊसिंगच्या वॉशरचं थोडं मोठं. हे दोन अदलाबदल झाले की मोठ्या भोकाचा वॉशर शाफ्टवर सैल बसून घसरतो, शाफ्टला चर पाडतो, आणि घट्ट वॉशर स्थिर राहायच्या जागी शाफ्टला घासत राहतो. हेड पहिल्याच दिवशी तापलं तर तेल बघायच्या आधी हे तपासा.

आता खऱ्या हेडच्या मापाकडे येऊ. पोकळ स्पिंडलमधून हवा न्यायची असल्याने मोठ्या गाडीत शाफ्ट १०० मिमीच्या आसपास जातो. तिथे बॉल थ्रस्ट म्हणजे ५१३२०, माप १०० × १७० × ५५, सी-झिरो ६०० किलोन्यूटनच्या आसपास. १५ टनांच्या ओढीला जेमतेम चौपट, म्हणजे काठावर. त्याच भोकाचं आणि त्याच बाहेरच्या व्यासाचं स्फेरिकल रोलर थ्रस्ट म्हणजे २९३२०, माप १०० × १७० × ४२. सी-झिरो जवळपास दुप्पट. बाहेरचा व्यास न वाढवता, हाऊसिंग न खोदता ताकद दुप्पट होते. उंची १३ मिमीने कमी असल्यामुळे तेवढ्या जाडीची, दोन्ही तोंडं ग्राइंड केलेली रिंग खाली द्यावी लागते. ती रिंग मऊ पट्टीतून कापून आणू नका, भाराखाली दबते आणि सगळा प्ले बदलतो. ईएन-२४ सारखं टणक करता येणारं पोलाद घ्या आणि दोन तोंडांतला फरक ०.०२ मिमीच्या आत ठेवायला लेथवाल्याला सांगा.

२९३ आणि २९४ मालिकेतले रोलर पिंपासारखे मध्ये फुगलेले असतात आणि वॉशर कलते, त्यामुळे स्पिंडल एक-दोन अंश वाकला तरी भार सगळ्या रोलरवर वाटला जातो. एसकेएफने १९३९ साली ही रचना आणली आणि जिथे जड थ्रस्ट आहे तिथे आजही हीच चालते. आपल्या गाड्यांसाठी हा वाकडेपणा सोसण्याचा गुण फार मोलाचा आहे. शेताच्या बांधावर जॅक टेकवून गाडी उभी केलेली असते, मास्ट तंतोतंत उभा नसतो, रॉड थोडे वाकलेले असतात. ५१ आणि ८१२ (सरळ रोलरच्या) मालिकांना हे झेपत नाही.

पण या बेअरिंगला स्वतःच्या अटी आहेत, आणि त्या पाळायच्या नसतील तर घेऊच नका. पहिली अट, त्याच्यावर कायम थोडा तरी भार हवा. बोअरच्या सुरुवातीला, दाब वरच्या दिशेने असताना, ओढीच्या बाजूचं हे बेअरिंग मोकळं होतं. रोलर सैल होऊन तिरपे होतात, घसरतात, आणि भार परत आला की आपटतात. यावर उपाय म्हणजे हाऊसिंगच्या वॉशरखाली सहा-आठ कॉइल स्प्रिंगा बसवून त्याला सतत टेकतं ठेवणं. हेड बनवणाऱ्याने ती सोय दिली नसेल तर लेथवर भोकं पाडून करता येते. स्प्रिंगांशिवाय बसवलेलं २९३ आणि स्प्रिंगांसह बसवलेलं २९३ ही दोन वेगळी बेअरिंग समजावीत, इतका फरक पडतो.

दुसरी अट, तेल. हे बेअरिंग ग्रीसवर चालवू नका. रोलरच्या जाड टोकाजवळ वॉशरच्या कडेवर घासणं असतं, तिथे वाहतं तेलच पोचायला हवं. फिरताना ते तेलाला बारीक टोकाकडून जाड टोकाकडे ढकलतं, पंपासारखं. म्हणून तेल परत जाण्याचं भोक मोकळं हवं. ते गाळाने बुजलं की तेल एका बाजूला साचतं, सील फुगतं आणि गळती सुरू होते. फिटर सील बदलतो, गळती पुन्हा सुरू होते, पुन्हा सील. भोक मात्र कुणी तार घालून साफ करत नाही.

८१२ मालिका, सिलिंड्रिकल रोलर थ्रस्ट, हिच्याबद्दल थोडक्यात. ८१२२० आणि ५१२२० यांचं माप एकच आहे, १०० × १५० × ३८. म्हणजे ५१२२० काढून ८१२२० बसवायला काहीच बदल लागत नाहीत आणि स्थिर क्षमता दुपटीच्या आसपास जाते. जागेत बदल करता येत नसेल अशा जुन्या हेडसाठी हे चांगलं. पण सरळ रोलर गोल वाटेवर फिरताना टोकांशी घसरतात, त्यामुळे तेल स्वच्छ लागतं, आणि पायरीचा काटकोन चुकलेला याला ५१ पेक्षाही कमी चालतो. नावापुढे टीएन असेल तर जाळी पॉलिअमाइडची आहे. तापलेल्या ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) तेलात ती वर्षादोनवर्षांत कडक होऊन तुटू शकते. धक्क्याच्या कामाला पितळी जाळी, म्हणजे एम, मागा. मोठ्या ५१ मालिकेतही एम मिळतं.

दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सी-थ्री आहे, गरम होणार नाही.’ सी-थ्री हा साध्या बॉल किंवा रोलर बेअरिंगच्या आतल्या मोकळिकीचा दर्जा आहे. ५१, ८१२, २९३ किंवा सुट्या टेपरला तो लागूच होत नाही, त्यांची मोकळीक तुम्ही बसवताना ठरवता. थ्रस्ट बेअरिंगवर सी-थ्री सांगणाऱ्याकडून पुढची माहिती पडताळूनच घ्या.

खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णेकाठच्या गाळाच्या जमिनीत मड पंप लावून रोटरी पद्धतीने भोक करतात. तिथे रॉडची सगळी लड वॉटर स्विव्हलवर (फिरत्या रॉडला पाण्याचा पाइप जोडणाऱ्या सांध्यावर) लटकते आणि हॅमरचे ठोके नसतात. झटके कमी, पण खारं पाणी आणि चिखल जास्त. तिथे २९३ च्या अतिरिक्त ताकदीपेक्षा सीलवर केलेला खर्च अधिक उपयोगी पडतो. ५१३ किंवा ३१३ पुरे होतं.

बेअरिंग निवडलं तरी बसवताना ते मारलं जातं. हातोडी आणि छन्नीने वॉशर ठोकला की प्रत्येक घाव एक खड्डा पाडतो, आणि पुढे भार नेमका त्या खड्ड्यांवर येतो. शाफ्टचा वॉशर तेलात किंवा इंडक्शन हीटरवर गरम करून सरकवा. वातावरणापेक्षा ८० अंश जास्त तापवला तर १०० मिमीचं भोक जवळपास ०.१ मिमी मोठं होतं, तेवढं पुरतं. १२० अंशांच्या वर नेऊ नका. गॅस कटरची ज्योत वॉशरवर धरणं तर सरळ नाही म्हणून सांगा; निळसर डाग पडला की तिथला टणकपणा गेला. आपल्या मे महिन्यात बेअरिंग उन्हात ठेवून तापवण्याचा शॉर्टकटही नको, त्यात धूळ बसते आणि ताप पुरत नाही.

हाऊसिंगच्या वॉशरच्या बाहेर अर्धा ते एक मिमी मोकळी जागा ठेवा, जर बाजूचा भार दुसरं बेअरिंग घेत असेल तर. घट्ट बसवलेला वॉशर बाजूचा भारही ओढून घेतो. जुन्या हेडमध्ये पायरी आधी मोजा. डायल गेजची सुई एका फेरीत ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलली तर नवं बेअरिंग घालण्याआधी पायरी साफ करून घ्या.

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त बेअरिंग वाचतात ती. हॅमरच्या गाडीत स्पिंडलमधून २०-२४ बारची हवा, आणि पाणी किंवा फोम मारत असाल तर तेही, खाली जातं. वरच्या स्विव्हलचं पॅकिंग झिजलं की ती हवा आणि पाणी गिअरबॉक्समध्ये उतरतं. तेल दुधासारखं पांढरट दिसलं की समजा पाणी मिसळलं आहे; अशा तेलाची फिल्म टिकत नाही आणि वॉशरवर गंजाचे ठिपके उमटतात, तिथूनच पुढे पापुद्रे सुटतात. दुसरं, गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी जाळी. तो धुळीने बुजला की आत दाब साचतो आणि खालचं ऑइल सील बाहेर उलटतं. मग भोकातून उडणारी भुकटी थेट बेअरिंगमध्ये. पश्चिम विदर्भातल्या काळ्या पाषाणाची भुकटी वाईटच, पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइट आणि नाईस दगडात क्वार्ट्झ असतो, आणि क्वार्ट्झ बेअरिंगच्या टणक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण. तिकडे काम करणाऱ्या गाडीला दुहेरी ओठांचं सील आणि त्याच्या खाली एक फेकणारी चकती लावाच. ब्रीदर दर आठवड्याला काढून हवा मारा.

तेल एसएई १४० किंवा त्याच्या तोडीचं आयएसओ व्हीजी ४६० ईपी घ्या. व्हीजी २२० (साधारण ९० नंबरचं तेल) म्हणजे ४० अंशांना २२० सेंटिस्टोक. ते ८० अंशांना ४० च्या आतबाहेर उरतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या ४५-४६ अंशांच्या दुपारी हेडचं तेल ८० ला सहज पोचतं, आणि ३० फेऱ्यांच्या वेगाला वेगाने फिल्म बनत नाही, जाड तेलानेच बनते. ९० नंबरचं तेल पावसाळ्यानंतर चालतं, उन्हाळ्यात नाही. नवं बेअरिंग बसवल्यावर पहिलं तेल ५० तासांत बदला, लेथच्या आणि झिजेच्या कणांसकट निघून जाऊ द्या. त्यानंतर ड्रेन प्लगला चुंबक असलेलाच वापरा आणि प्रत्येक वेळी त्यावरचा गाळ बोटांनी चोळून पाहा. बारीक करडी पेस्ट चालते. चमकणारे पापुद्रे निघाले तर पुढची खोल बोअर घेऊ नका.

ब्रँड. टेपरला टिमकेन आणि जयपूरची एनबीसी, दोन्हींची ३०३-३१३ सहज मिळतात. २९३-२९४ साठी एसकेएफ किंवा शेफलरचं एफएजी, ८१२ साठी शेफलरचंच आयएनए, ५१ साठी यांच्याबरोबर एनएसके आणि एनटीएन. अस्सल माल असेल तर यांच्यातला फरक आपल्या हेडमध्ये जाणवणार नाही, तेवढी अचूकता आपण बसवतच नाही. नकली मालाचा फरक मात्र पहिल्याच अडकलेल्या रॉडला कळतो. एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि जागतिक बेअरिंग संघटनेचं तपासणीचं अ‍ॅप फोनवर आहे, डब्यावरचा कोड तिथे लावा. नेटवर्क नसेल तर डब्याचा आणि बेअरिंगवरचा फोटो काढून ठेवा. रिंगवरचं नाव नखाने किंवा थिनरच्या बोळ्याने पुसलं गेलं तर डबा तिथेच परत करा. जुनं बेअरिंग पॉलिश करून विकणारेही आहेत. वॉशरची बाहेरची कड चमकते पण खाच जवळून बघितली तर करडी, बारीक ठिपक्यांची दिसते. कागदात सुटं गुंडाळलेलं थ्रस्ट बेअरिंग कितीही स्वस्त असलं तरी हेडमध्ये घालू नका.

शहरातल्या अधिकृत वितरकाकडून घेताना भाव जास्त पडतो, आणि २९३ सारखा माल बहुतेकदा हातोहात नसतो, मागवावा लागतो. म्हणून फेब्रुवारीतच मागवा. तालुक्याच्या दुकानांत ५१ आणि टेपर मिळतात, तिथे घ्यायला हरकत नाही, पण नंबर पूर्ण लिहून द्या: ३१३१० हवं तर ‘५० चं टेपर’ म्हणून मागू नका. नंबरपुढची एम, टीएन, ई ही अक्षरंही लिहा, आणि पक्कं बिल घ्या. बिलावर नुसतं ‘बेअरिंग १ नग’ असेल तर बदलून देण्याचा वाद तुम्ही जिंकणार नाही.

गाडीसोबत ओढीच्या बाजूचं एक बेअरिंग, स्प्रिंगांचा संच, ०.०५, ०.१० आणि ०.२० मिमीच्या शिम, दोन ऑइल सील, स्विव्हलचं पॅकिंग आणि २० लिटर तेलाचा सीलबंद डबा ठेवावा. बेअरिंग मूळ तेलकट कागदातच राहू द्या आणि आडवं ठेवा. उभं ठेवून गाडी कच्च्या रस्त्याने महिनोन्‌महिने हादरत राहिली तर न वापरलेल्या बेअरिंगच्या खाचेतही छर्र्यांच्या अंतराने खुणा उमटतात.